गाडीतला सत्कार

पंधराव्या वर्षी आमच्या मुलीला ल्युकेमिया झाला आणि वेलिंग्टनच्या मराठी मंडळींनी तिला ताबडतोब धैर्यवान ठरवलं. भेटायला येणारा प्रत्येकजण तिच्या पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूडबद्दल मला बरंच काही सांगून जाई. जणू तो त्यांनीच पाठवला होता.

अ‍ॅटिट्यूड होता, हे खरं. किमोनंतर ओकून आली, की तोंड पुसत म्हणायची, "बाबा, अ‍ॅट लीस्ट आज भेंडीच होती." भुवया गळल्या तेव्हा रोज सकाळी पेन्सिलीने नव्या काढू लागली. कधी रागीट, कधी चकित. मी मूळचा कुरकुऱ्या माणूस. कुणीतरी नशिबाला चार शिव्या द्याव्यात, म्हणजे आपल्यालाही देता येतील, म्हणून टपून बसलेलो असे. ती संधीच देईना. वैताग यायचा.

तिला स्वतःला एकच गोष्ट हवी होती. शाळेच्या नेटबॉल टीमची सीझनमधली शेवटची मॅच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुरुवारचा ब्लड रिपोर्ट चांगला आला, तर शनिवारी शेवटचा क्वार्टर खेळ. तोपर्यंत सर्दी-खोकला नको, गर्दी नको.

नेमका त्याआधीच्या रविवारी जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती होता आणि कार्यक्रमपत्रिकेत आरतीनंतर 'जिद्दीचा सत्कार' छापला होता. आम्हाला न विचारता. मी अध्यक्षांना फोन केला. ते पुण्याचे, पेशाने इंजिनियर.

"अहो, तिचं मनोबल वाढेल," ते म्हणाले.

"मनोबल भरपूर आहे हो. पांढऱ्या पेशी कमी आहेत."

"दहाच मिनिटांचा प्रश्न आहे. शाल-श्रीफळ आणि दोन शब्द."

अध्यक्षांचे दोन शब्द मला ठाऊक होते. पण बायको म्हणाली, "नाही कसं म्हणायचं? हॉस्पिटलात होतो तेव्हा महिनाभर डबे कुणी दिले?" तोडगा मुलीनेच काढला. "मी गाडीतून उतरणार नाही. त्यांना म्हणावं, बाहेर या. ड्राइव्ह-थ्रू सत्कार."

मला वाटलं, आता तरी ते नाद सोडतील. छे. हॉलमधले सगळे पार्किंगमध्ये आले आणि त्यांच्यामागून समईही आली. दीपप्रज्वलनाशिवाय सत्कार सुरू कसा करायचा? वेलिंग्टनच्या वाऱ्यात माणसाला उभं राहता येत नाही, तिथे वात कसली टिकते. तिघांनी कोट पसरून आडोसा केला, काड्यापेटी संपत आली, तरी अध्यक्ष हटेनात. शेवटी मागच्या सीटवरून खिडकीच्या फटीतून आवाज आला, "काका, हेडलाइट्स लावू का?"

अध्यक्षांनी गंभीरपणे विचार केला आणि मान डोलावली. मी हेडलाइट्स लावले. टाळ्या पडल्या.

मग दोन शब्द सुरू झाले. "या चिमुरडीने साक्षात मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालून..."

"बाबा, चिमुरडी म्हणजे?" ती हळूच म्हणाली.

"तू."

मृत्यू म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही. चकित भुवयांखालून ती भाषण ऐकत राहिली. पुढे अध्यक्षांनी काच थोडी खाली घ्यायला लावून शाल आत सारली, आशीर्वादाला तोंड उघडलं आणि सणसणीत शिंकले. तिने बटण दाबून काच वर घेतली. शाल निम्मी आत, निम्मी बाहेर अडकली. बाहेरची निम्मी अध्यक्षांनी बराच वेळ धरून ठेवली होती. सोडावी की नाही, हे पत्रिकेत नव्हतं.

त्यानंतर गुरुवारपर्यंत आमच्या घरात थर्मामीटरशिवाय दुसरा विषय नव्हता. बायको फार्मासिस्ट, तरी तिनेही मुलीची दृष्ट काढली. मी मनातल्या मनात अध्यक्षांना काय काय म्हणालो, ते इथे लिहीत नाही. मुलगी मात्र हॅपी, अर्थातच. "ताप आला तर बेंचवर बसून ओरडेन," म्हणाली. मी उठून बागेत गेलो.

रिपोर्ट चांगला आला. शनिवारी शेवटच्या क्वार्टरला ती टोपी सावरत कोर्टवर उतरली. पळताना धापा टाकत होती, पण पळत होती. स्कोअर बरोबरीत असताना शेवटाला अंपायरने तिच्याविरुद्ध शिट्टी वाजवली. धक्का दिला म्हणे. बॉल समोरच्यांना मिळाला, त्यांनी गोल केला आणि आमची टीम हरली.

गाडीत बसल्यावर तिने दार धाडकन लावलं. "मी तिला टचसुद्धा केलं नव्हतं! इट्स सो अनफेअर, बाबा!" आणि हुंदके देऊन रडायला लागली. घामाने त्या दिवशीच्या भुवया पुसून गेल्या होत्या.

'अनफेअर' हा शब्द त्या अख्ख्या वर्षात मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"अंपायर आंधळी होती," मी म्हणालो.

"टोटली ब्लाइंड!"

"आणि मूर्ख."

घरापर्यंत आम्ही दोघांनी त्या बाईला यथेच्छ शिव्या घातल्या. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी नेली.