घण लंकाबाईचा

सुऱ्यांचं नाव झालं ते गहिनीनाथ लोहाराचं, आणि त्यापायी खांदा गेला तो लंकाबाईचा. संगमनेर-अकोले रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडात नवरा सांडशीत लोखंड धरायचा, हातोडीनं जागा दाखवायचा आणि वरून घण घालायचा तो बायकोनं. रीतच तशी. आता दिवसाचं काम उरकलं की तिचा हात वेणी घालायलासुद्धा वर जाईना.

भंडारदऱ्याला तंबू लावून पाहुणे ठेवणारा समर्थ त्या दिवशी सुरा बघायला येणार होता. लाकूड फोडलं तरी टिकेल असा पोलादी सुरा त्याला दर तंबूला एक हवा होता. गहिनीनाथानं सकाळीच सांगून टाकलं, "काम मिळालं तर धनश्रीचं कालेज बंद. तुजा खांदा पुरायचा न्हाई. घण तिनं धरायचा."

"बारावी तरी होऊ द्या तिची," लंकाबाई म्हणाली.

"बारावी करून कुनाचं भलं झालंय?"

झालं, विषय संपला. बापाला लेकीची अक्कल नको होती, दंड हवे होते.

लंकाबाईनं मनाशी ठरवलं, हा सुरा बिघडवायचा. सुरा व्हायचा तो ट्रकच्या जुन्या पाट्याचा; ते पोलाद लाल आहे तोवर ऐकतं. काळं पडल्यावर घाव घातला की आत तडा जातो आणि वरून काही दिसत नाही. सुरा समर्थच्या हातात मोडेल, तो दुसरा लोहार बघेल.

लोखंडाची लाली उतरली. गहिनीनाथ सुरा ऐरणीवर ठेवून कोळसा सारायला वळला. तिनं घण उचलला आणि हात वरच थांबला. काळ्या लोखंडावर घाव घालायचा नाही, ही जन्मभराची मेली सवय! तिनं दात-ओठ खाऊन पुन्हा जोर केला, पण घण ऐरणीशेजारी मातीत उतरला. स्वतःच्या हाताचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

दुपारी समर्थनं तो सुरा बाभळीच्या ओंडक्यावर दणादणा हाणला, वाकवून बघितला. "काका, तुमच्या हाताला तोड नाही. सगळे असेच करा," म्हणाला. लंकाबाईकडं त्यानं प्यायला पाणी मागितलं.

सोमवारी धनश्री ऐरणीसमोर उभी राहिली. पहिला घाव वाकडा गेला, दुसऱ्याला मनगट मुरगळलं. बाप खेकसला. अशानं पोर हात मोडून घेईल म्हणून लंकाबाई उठली, तिच्या मागं उभी राहिली.

"पाय फाकव. नुसत्या हातानं न्हाई गं, कंबरेतून घाल."

पुढचा घाव नेमका बसला. जमलं म्हणून धनश्री आईकडं बघून हसली, आणि ते हसणं लंकाबाईला सोसवेना.