गच्चीवरचा फाटका तिरंगा

पंधरा ऑगस्टला इकडे उत्तरेत, आमच्या तेलीबागच्या सोसायटीने गच्चीवर तिरंगा लावला, लाडू वाटले, सेल्फी झाले. दसरा आला तरी तो तिथेच. उन्हाने विटलेला, हिरव्या पट्टीच्या चिंध्या झालेल्या, एक टोक डिशच्या वायरीत अडकलेलं. बाबा फौजेतून निवृत्त झालेले. गेटमधून आत येताना रोज वर बघायचे आणि घरात येऊन कोणाशी बोलायचे नाहीत. गुडघ्यामुळे त्यांना गच्चीचा जिना चढवत नव्हता.

मी लिफ्टमध्येसुद्धा कोणाशी बोलत नाही. पण बाबांचं ते गप्प बसणं सहन होईना, म्हणून सेक्रेटरी अंकलकडे गच्चीची किल्ली मागायला गेले.

"रहने दो बेटा. उतारते हुए किसी ने वीडियो बना लिया तो? कहेंगे, इन लोगों ने तिरंगा उतार दिया."

"फटा हुआ है, अंकल."

"नीचे से कहाँ दिखता है."

दिसत होतं. माझ्या बाबांना रोज दिसत होतं. मी हलले नाही. हात पुढे करून दारात उभी राहिले. शेवटी त्यांनी किल्ली दिली. "फौजी की बेटी हो, मानोगी थोड़े ही."

आई आणि मी झेंडा सोडवला. केशरी आणि हिरवी पट्टी पांढरीखाली मुडपायची, मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, चक्र वर राहिलं पाहिजे. छावणीच्या क्वार्टरमध्ये बाबांनी मला हे चादरीवर शिकवलं होतं. घडी तळहातांवर घेऊन मी जिना उतरले, तर खाली अंकल उभेच.

"लाओ, स्टोर में रख दें. छब्बीस जनवरी को नीचे का हिस्सा मोड़के लगा देंगे."

म्हणजे हिरवा रंग दुमडून. रागाने माझे कान तापले.

"नहीं," मी म्हणाले. पुढे 'अंकल' जोडलं नाही.

फाटलेला झेंडा एकांतात, मानाने जाळायचा, असा नियम आहे. बाबांनी दाढी केली, बूट घातले. मागच्या बाल्कनीत घमेलं ठेवलं, त्यात घडी ठेवून काडी लावली. पॉलिस्टरचं कापड, जळण्याऐवजी वितळायला लागलं. "कापड तरी धड घ्यायचं होतं," बाबा पुटपुटले.

तेवढ्यात शेजारच्या आंटींचा आवाज आला. "भाभी, कुछ जल रहा है क्या?"

आईने माझ्याकडे बघितलं. "हाँ, दूध लग गया."

आई असं खोटं बोलत नाही. पण खरं सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं असतं की यांनी झेंडा जाळला. इतके दिवस चिंध्या लोंबत ठेवणारे मात्र देशभक्त. नियमात एकांत सांगितलाय, भीती नाही.

मी बाबांसाठी खुर्ची आणली. ते बसले नाहीत. घमेल्यातली राख निवेपर्यंत त्या दुखऱ्या गुडघ्यावर ताठ उभे राहिले.