राखेने घासलेली सुरी

नवं राज्य झालं त्या सुमाराला मी धामणगाव बढ्याला मास्तर होतो. बाजारातल्या एका लोहाराशी मी भांडायलाच गेलो. त्याच्याकडून घेतलेली काळपट सुरी मी राखेने घासून चकचकीत केली, तर आठवड्यात गंजली!

"असला माल विकता?" मी ओरडलो.

त्याने पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोच खवळला. "चिंचेच्या पान्यात काळी केली, नदीच्या खड्यात घोळली, तव्हा ते काळं बसलं. तुमी तिचं कातडं सोललं, अन् मलेच इचारता, रगत काऊन येते?"

त्याने सुरी पुन्हा चिंचेच्या पाण्यात बुडवली. ती काळवंडेपर्यंत मला उन्हात उभं ठेवलं. मग खड्यांच्या डब्यात टाकून डबा माझ्याच हाती दिला. "हालवा."

भर बाजारात हलवून हलवून खांदे भरून आले.

"झालं का?"

"मले काय इचारता? तिले इचारा."