द्राक्षांचा वास

मार्केट यार्डातून आणलेली द्राक्षं सुनेने धुवायला घेतली आणि मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर आले. "आई, द्राक्षांनी तुमचं काय घोडं मारलंय?" तिने हसत विचारलं.

खूप वर्षांपूर्वी मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. भाजलेल्या एका मुलीच्या जखमेतला पू आदल्या दिवशी जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर लावला होता. सकाळी प्लेट काढून झाकण किंचित उचललं, तर हिरवट चकाकी आणि पिकल्या द्राक्षांचा गोड वास. प्लेट हुंगायची नसते, असं आम्ही नव्या मुलींना बजावायचो आणि स्वतः रोज हुंगायचो. हा वास कुठल्या जंतूचा, ते मला पाठ होतं. तिला चालू असलेलं औषध त्याच्यापुढे निरुपयोगी होतं.

"सर, वॉर्डला फोन करून सांगू का?"

"अहो, रिपोर्टवर काय लिहू? बाईंच्या नाकाचा अभिप्राय?" लॅबचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "सगळ्या टेस्ट होऊ देत आधी."

खिडकीशी मुलीचे वडील उभे होते, यवतमाळहून पुण्यात कामाला आलेले. "मॅडम, काही समजलं काय?"

"परवा या," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट तयार झाला. माझ्या नाकाने सांगितलं होतं तेच, स्वच्छ टाइप केलेलं, खाली सरांची सही. न्यायला कोणी आलं नाही. मुलगी पहाटेच गेली होती.

सरांना मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. पण फोन माझ्याच टेबलावर होता.