दत्तारामदादांचे वाढलेले केस

केस विंचरून कटिंगला आलेल्या माणसाला दत्तारामदादा खुर्चीत बसू देत नसत. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत राहायला आल्यावर मी त्यांच्या सलूनमध्ये पहिल्यांदा गेलो तो आंघोळ करून, केस पाण्याने चापूनचोपून बसवून. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "उद्या ये. उशीवरून उठशील तसा ये. मला तुझे केस बघायचेत, कंगवा नाय." मी वैतागून घरी गेलो, पण दुसऱ्या दिवशी निमूटपणे त्या अवतारात हजर झालो. माझे केस तेव्हा नारळाच्या शेंडीसारखे होते आणि स्टेशनजवळच्या सगळ्या सलूनवाल्यांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

दादा कुडाळकडचे. आवाज मोठा, स्वभाव हट्टी आणि अंगात कायम थकवा. गिऱ्हाईक नसलं की स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता मला कोणी उठवू नका." पण कात्री हाती घेतली की घाई नाही. केस कोरडेच कापायचे. एक बट दोन बोटांत उचलायची, टोकं तिरपी कापायची, सोडून द्यायची आणि ती कुठे पडते ते बघत राहायचं. वरची लांबी ठेवायची आणि आतला भार काढायचा. "दाट केस दाबायचे नसतात, त्यांना जागा करून द्यायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी ताकीद असायची: रोज शाम्पू नको, टॉवेलने खसाखसा पुसू नको, तळहातावर तेलाचा थेंब घे, बोटं फिरव आणि विसरून जा. पोरं मोबाईल नाचवत यायची. "दादा, असा टेक्स्चरवाला, विस्कटलेला मेसी लुक पाहिजे." दादा फोटो लांब धरून बघायचे. "ह्या पोराला पंख्यापुढे बसवलाय रे. तू बसस्टॉपवर कसा दिसशील ते मी बघतो." पोरं हसायची, पण बसायची.

शेजारच्या खुर्चीवर त्यांचा धाकटा भाऊ वसंता काम करायचा. तो माझ्याच वयाचा, हात चलाख आणि तोंडही चलाख. त्याला कात्री धरायला दादांनीच शिकवलं होतं. सोमवारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून दोघे भाऊ एकमेकांचे केस कापायचे. आधी दादा बसणार, मग वसंता. दोघांचेही केस माझ्यासारखेच दाट. एकदा राहिलेली छत्री आणायला गेलो तेव्हा मी ते पाहिलं होतं. दादा चक्क खूश दिसत होते. "आपलं डोकं आपल्याला कापता येत नाय," वसंता मला म्हणाला, "म्हणून तर देवाने भाऊ दिला."

या दोघांचं भांडण झालं ते माझ्या केसांवरून. शिमग्याला दादा महिनाभर गावी गेले होते आणि मला एका लग्नाला जायचं होतं. वसंताने नवी दातेरी कात्री काढली, मुळापर्यंत चालवली आणि काही मिनिटांत माझं डोकं निम्म्याने हलकं केलं. लग्नात मी झकास दिसलो, खोटं कशाला बोलू? पण दादा परत येईपर्यंत आतले तोकडे केस वाढून वरच्यांना ढकलायला लागले होते आणि माझं डोकं छत्रीसारखं उघडलं होतं. दादांनी भर दुकानात विचारलं, "ह्या कोणी केल्यान?" वसंता म्हणाला, "मी. एका डोक्याक पाऊण तास घालवलंस तर दुकान कसा चलतला? बाहेर गिऱ्हाईक उभा रवान निघान जाता." त्याचंही खरं होतं. पण दादा गिऱ्हाइकांसमोर बोलून गेले, "माझा नाव घालवायचा आसात तर वायला दुकान कर."

वसंताने ते केलं. मुलुंडला गाळा घेतला, एसी लावला, जोरात चालवला. दादांच्या दुकानात दुसरी खुर्ची रिकामीच राहिली आणि दादांचे केस वाढायला लागले. आधी कानांवर आले, मग मानेवर, मग खांद्यावर. गिऱ्हाइकं चेष्टा करायची की सलूनवालाच साधू झाला. दादा डोक्याला रुमाल बांधून काम करायचे. मी म्हटलं, "दादा, पलीकडच्या गल्लीत जा, कापून या." ते म्हणाले, "माझा डोका वसंताच्या हातचा." "मग त्याला बोलवा ना!" मी म्हटलं. "तो धाकटो. त्याका कळाक नको? आणि माझ्या केसांचा त्याका सांगू नको." मुलुंडला जाऊन वसंताला नुसतं 'ये' सांगावं तर तो म्हणायचा, "मोठा आहे ना तो? हाक मारू दे, धावत येतो." त्याचे स्वतःचे केस तेव्हा अगदी बारीक, टाळूला चिकटलेले असायचे. मला वाटायचं, नव्या दुकानाची नवी फॅशन. अशी दोनेक वर्षं गेली. दोघांचे निरोप पोचवून मी अगदी कंटाळलो आणि शेवटी तो विषयच सोडून दिला.

मग दादांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे दुकान दुसऱ्याला देऊन दादा आणि वहिनी कायमचे गावी जायला निघाले. वहिनी माझ्याकडे आल्या. "भावजी, एकदा वसंताक घेवन या. ह्यांचा काय खरा नाय."

मी पुन्हा मुलुंडला गेलो. वसंता नेहमीसारखं म्हणाला, "त्याने बोलावलं का?" मी म्हटलं, "नाही बोलावलं. बोलावणारही नाहीत. पण उद्या ते गावी चाललेत, आणि खांद्यावर आलेले केस घेऊन चाललेत."

वसंताची कात्री थांबली. "खांद्यावर? कापतो कोण त्याचे?"

"तू गेल्यापासून कोणीच नाही."

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. त्याला इतकी वर्षं वाटत होतं की दादांनी दुसरा कारागीर गाठला असणार, आणि तेच त्याला खुपत होतं. "मी पण कोणाला हात लावू दिला नाय, यार," तो म्हणाला. "मशीन आपलं आपल्याला फिरवता येतं, म्हणून मशीन मारतो." गिऱ्हाइकाचं डोकं अर्धवट असताना हे बोलून तो रडला. त्या गिऱ्हाइकाचं काम पुरं करून तो माझ्याबरोबर निघाला.

दादा खोलीत बांधलेल्या सामानाशेजारी बसले होते. वसंताला बघून म्हणाले, "जेवलंस?" "जेवान इलंय," वसंता म्हणाला. एवढंच. त्याने प्लास्टिकची खुर्ची पंख्याखाली ओढली, दादांच्या खांद्यावर चादर टाकली आणि कोरडे केस एकेक बट उचलून कापायला लागला. थोड्या वेळात दादा झोपले. वसंता त्यांची मान एका हाताने सावरून दुसऱ्याने कापत राहिला. मला तिथे उभं राहवेना, मी वहिनींबरोबर बाहेर बसलो.

जाग आल्यावर दादांनी आरसा मागितला. बराच वेळ बघत राहिले. "वसंता, म्हातारो झालंय रे मी." मग हात वर करून त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून फिरवला. "आता तुझी पाळी. पण ह्येच्यार मी काय कापू? केस वाढय. मे महिन्यात गावाक ये, अंगणात बसान कापतंय."

वसंताने डोक्यावर मशीन मारणं बंद केलं. कधी मुलुंडला गेलो तर तो डोकं पुढे करून दाखवायचा, "बघ, किती आले." कानांवर येऊन ते सगळ्या बाजूंनी उभे राहिले होते आणि तो त्यांना कंगवाही लावत नव्हता. एसी दुकानाचा मालक अगदी भणंग दिसायचा. दादांना फोनवर विचारायचा, "एवढे पुरे काय?" दादा म्हणायचे, "रव अजून."

मे महिना यायच्या आधीच दादा गेले. मुलगा नाही, म्हणून सगळं वसंताने केलं. दहाव्याला मीही गावी गेलो होतो. नदीवर ओळीत बसलेल्या माणसांत वसंता पहिला होता. गावातल्या कुठल्याशा कारागिराने त्याच्या डोक्यावर पाणी मारलं आणि म्हणाला, "काय दाट केस हत हो तुमचे! इतके कशाक वाढवलास?" वसंताने मान खाली घातली आणि वस्तरा फिरायला लागला.