पागेसरांचा जिवंत खेकडा

प्रभाकर पागे उज्जैनच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत. बत्तीस वर्षांत बढती काही मिळाली नाही. पण पागेसरांना खंत होती ती वेगळीच. ज्या खेकड्यावर त्यांनी जन्मभर शिकवलं, तो त्यांनी जिवंत कधी पाहिला नव्हता.

खेकडा फॉर्मेलिनच्या बरणीत होता. मुठीत मावेल एवढा, मूळचा वाळूच्या रंगाचा, पण बरणीत राहून राहून उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा पडलेला. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत हा हातभर खोल बीळ करतो, देठांवरचे डोळे वर काढून चाहूल घेतो आणि जरा सावली पडली की तिरका पळत सुटतो. "ऐसा दौड़ता है कि लगे रेत ही खिसक गई," असं म्हणत सर टेबलावर बोटं पळवून दाखवत. मुलं हसत.

कॉलेजची सहल तीनदा समुद्रावर गेली आणि तिन्ही वेळा सर मागे राहिले. एकदा आई आजारी होती. पुढच्या दोन्ही वेळा कारण एकच, माझ्यामागे बरण्या कोण बघणार? बरण्या कुठे पळून जाणार होत्या? पण माणूस स्वतःला असं गुंतवून घेतो आणि वर त्याला कर्तव्य म्हणतो.

टावर चौकात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, तशी प्राणिशास्त्राची मुलं रोडावली. अठ्ठ्याण्णव साली, सरांच्या निवृत्तीला महिना उरला असताना, रत्नागिरीला दिलेली मुलगी मुक्ता माहेरी आली. तिच्या पिशवीत एक डबा होता, झाकणाला भोकं पाडलेला. आत ओली वाळू, आणि वाळूत तो.

सरांनी डबा जवळ ओढला. खेकड्याने डोळे वर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"सोडू का अंगणात? बघा तरी कसा पळतो ते," मुक्ता म्हणाली.

"आत्ता नको. दोन दिवसांचा प्रवास झालाय त्याचा, थोडा ताजातवाना होऊ दे. उद्या लॅबच्या मोठ्या टेबलावर सोडू. मुलं पण बघतील."

खरं सांगायचं तर त्यांना एकट्याला बघायचंच नव्हतं. बत्तीस वर्षं बोटं पळवून दाखवली, एकदा तरी सगळ्यांदेखत खरा खेकडा पळवून दाखवायचा होता.

सर त्याच दुपारी लॅबमध्ये गेले. काचेची टाकी घासून पुसून घेतली, तराजूवर लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मीठ तोललं आणि टाकी काठोकाठ भरली. मुक्ता सोबत होती.

"बाबा, खेकडा दिला त्या कोळीणमावशी म्हणाल्या होत्या, ओल्या वाळूतच ठेवा म्हणून."

"समुद्राचा जीव आहे तो, बेटा. आता मला मासळीवाल्या शिकवणार का?"

पाण्यात सोडताच खेकडा तळाला गेला आणि लगेच काच खरवडू लागला. वर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. सरांना काय आनंद झाला! "बघ, पाणी मिळताच कसा खुलला," ते म्हणाले. घरी जाऊन त्यांनी बायकोला, वासंतीबाईंना, जेवताना दोनदा तेच सांगितलं.

सकाळी दहाला मुलं टाकीभोवती जमली. खेकडा तळाशी उताणा पडला होता. सरांनी पेन्सिलने हळूच हलवलं, तसा तो पेन्सिलीबरोबर हलला आणि थांबला.

अमृता नावाच्या विद्यार्थिनीने वही उघडली. खोडी काढायचा तिचा हेतू नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"सर, आपने ही तो लिखवाया था। 'यह हवा में साँस लेता है, गलफड़े गीले रखने भर का पानी इसे काफ़ी है। देर तक पानी में डूबा रहे तो मर जाता है।'"

दर वर्षी जुलैत सर हे कल्ल्यांचं वाक्य सांगत. स्वल्पविरामासकट पाठ होतं. बत्तीस वर्षं त्यांनी ते दुसऱ्यांना लिहून दिलं, आणि काल हातात मीठ असताना त्यांना ते आठवलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे खेकडा नेहमी पाण्यातच होता, बरणीतल्या पाण्यात. काल तो खुलला नव्हता, बाहेर यायला धडपडत होता, आणि ते कौतुकाने बघत उभे होते.

"बराबर लिखा है," ते अमृताला म्हणाले. "गलती मेरी है."

फॉर्मेलिनची दुसरी बरणी मात्र त्यांनी भरली नाही. खेकडा रुमालात गुंडाळून घरी आणला. मुक्ता दारातच उभी होती.

"पळाला का हो, बाबा?"

"नाही गं," सर म्हणाले. "तू म्हणत होतीस तेव्हाच अंगणात सोडायला हवा होता."