चौथा उद्गार

आमच्या घरात हिब्रू मला येते आणि उपदेश माझे पती करतात. ही वाटणी कोणी ठरवून केली नाही, ती पडत गेली. शनिवारी सकाळी चहाचे कप बाजूला सारले की मी चष्मा लावून स्तोत्र उघडते आणि उजवीकडून डावीकडे वाचत जाते. ते समोर बसून हरभऱ्याची भाजी खुडतात, किंवा खुडल्यासारखं करतात, आणि ऐकतात. मी सांगते की इथे कवीने दयेसाठी जो शब्द घेतला आहे तो गर्भाशयाच्या शब्दातून आला आहे, म्हणजे देवाला दया येते ती पोटातून येते, आईला येते तशी. ते म्हणतात, "अस्सं?" रविवारी तेच वाक्य उपदेशपीठावरून खाली येतं. "मूळ हिब्रूत," असं म्हणून ते जरा थांबतात, सगळी मंडळी श्वास रोखते, आणि मग ते गर्भाशय सांगतात. पहिल्या बाकावर बसून मी ते ऐकते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

उपासना संपली की दारात हस्तांदोलनाची रांग लागते. "साहेब, काय संदेश दिला!" एक मावशी तर दर वेळी माझा हात धरून सांगतात, "साहेब लय अभ्यास करतेत वं बाई. त्याहिले बदाम-दूध देत जा." मी देते म्हणते. बदाम मी स्वतः खाते.

आम्ही दोघं धर्मशास्त्राच्या एकाच वर्गात होतो. हिब्रूत माझा पहिला नंबर आणि ते काठावर पास. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मीच त्यांच्याकडून क्रियापदं घोकून घेतली, आणि घोकता घोकता लग्न ठरलं. पुढे त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि मी धरमपेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. आमच्या मंडळीत बाईला दीक्षा देत नाहीत. दिली पाहिजे असं सगळेच म्हणतात आणि मग सभेत पुढचा विषय घेतात.

त्यांच्याकडे आवाज आहे, हे मात्र मान्य केलंच पाहिजे. ते कुहीकडच्या खेड्यातले. लहानपणी धानाच्या बांधावरून पलीकडच्या बांधीतल्या काकाला हाक मारायची सवय, त्यामुळे आवाज पोटातून निघतो आणि त्याला माइक लागत नाही. माझा आवाज वर्गातला. चाळीस पोरींना गप्प करायला पुरतो, रडवायला पुरत नाही. त्या आवाजाचा मला हेवा वाटतो. त्यांनी साधं 'प्रार्थना करू या' म्हटलं तरी लोकांना वाटतं, हो, आता केलीच पाहिजे.

आणि आशीर्वाद! उपासनेच्या शेवटी ते दोन्ही हात वर करून जुना याजकी आशीर्वाद हिब्रूतून म्हणतात. त्यांना तोंडपाठ येणारी हिब्रू तेवढीच, आणि तीसुद्धा मी, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, गच्चीवर पाणी मारता मारता पाठ करून घेतलेली. आता ती आमच्या मंडळीची खासियत झाली आहे. त्यांच्या तोंडून हिब्रू सुरू झाली की लोक आपोआप उभे राहतात, माना खाली घालतात, बाया पदर घेतात. अर्थ कोणाला कळत नाही. संपल्यावर कोणी हलत नाही. पाळक उतरून दाराकडे चालू लागले किंवा त्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली, की मगच लोक हलतात. दर रविवारी माझी हिब्रू आणि त्यांचे हात. या एका गोष्टीवरून मी त्यांच्याशी कितीदा तरी मनातल्या मनात भांडले आहे.

उघडपणे भांडण व्हायचं ते दुसऱ्या गोष्टीवरून. स्तोत्रांतली जवळजवळ निम्मी तक्रारीची आहेत हे लोकांना माहीत नसतं. कवी देवाला सरळ विचारतो, कुठे गेलास, झोपलास का, शत्रू हसून राहिले आणि तू गप्प का. मग बहुतेक तक्रारी शेवटी वळतात आणि स्तुतीवर येतात. माझ्या नवऱ्याला वळायची भयंकर घाई. मी शनिवारी तासभर त्यांना तक्रार समजावून सांगावी आणि रविवारी त्यांनी ती दोन वाक्यांत उरकून हालेलुया गाठावं. मी म्हणायची, "अहो, त्या माणसाला रडू तर द्या." ते म्हणायचे, "लोकं घरून रडूनच येऊन राहिले वं. इथंबी रडवू का त्याहिले?" त्यांचं खरंच असायचं, म्हणून राग जास्त यायचा.

आता गुड फ्रायडेबद्दल सांगते. दुपारी बारा ते तीन अशी उपासना असते आणि प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात वक्त्यांत वाटलेले असतात. प्रत्येकाला ठरलेला वेळ, मग घंटी, मग एक गीत, मग पुढचा वक्ता. घंटी आमच्या सेक्रेटरींच्या हातात असते. त्यांची कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत आहे, त्यामुळे कोणाला कुठे थांबवायचं हे त्यांना बरोबर समजतं. या सातांत तिसरा उद्गार महिला मंडळाचा, कारण त्यात आई आहे. आई आहे म्हणजे बाई बोलेल, असा हिशेब. कित्येक वर्षं तो मीच केला. आईची ममता, आईचे अश्रू, आईला कोणाच्या तरी हवाली करणं. मला त्या आईचा मनापासून कंटाळा आला होता, देव क्षमा करो.

चौथा उद्गार पाळकांचा. देवा, तू मला का टाकलंस, असा तो प्रश्न. तो प्रश्न मुळात एका हिब्रू स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरणाच्या दारात प्रभूने आपलं लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हटलं, आणि तेही तक्रारीचं. या एका ओळीवर मी जितकी वर्षं घालवली तितकी बहुतेक संसारावरसुद्धा नसतील. आणि दर वर्षी ते उठायचे, ती ओळ म्हणायचे, आणि घंटी व्हायच्या आत स्तुतीवर येऊन पोहोचायचे.

या वर्षी आमच्या घरी मंडळीच्या पंचांच्या बैठकीत वाटणी चालली असताना मी चहा घेऊन आत गेले आणि ट्रे खाली ठेवता ठेवता म्हणाले, "तिसरा दुसऱ्या कोणाला द्या. मला चौथा हवा."

सेक्रेटरींनी वर बघितलं. "मॅडम, चौथा तं साहेबाचा आहे ना."

"म्हणूनच मागते आहे."

सगळे माझ्या पतींकडे बघू लागले. ते हसले आणि म्हणाले, "देऊन टाका. मले कायची अडचण?" बसमध्ये म्हाताऱ्या बाईला जागा द्यावी तसं. मागून मिळालं याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्या उदारपणाने माझं डोकंच फिरलं. ज्याचं आहे तोच उदार होऊ शकतो ना!

मी तयारी केली ती वेड्यासारखी. पेपर तपासायचे गठ्ठे तसेच पडले. शनिवारी ते भाजी घेऊन समोर बसले तर मी म्हटलं, "आज काही सांगणार नाही. माझं मलाच लागणार आहे." ते खुडलेली भाजी घेऊन आत गेले आणि त्या रविवारी उपदेशात त्यांनी कुहीच्या विहिरीची गोष्ट सांगितली. लोकांना तीसुद्धा आवडली, हे वेगळं सांगायला नको.

गुड फ्रायडेला ऊन असं होतं की चर्चच्या पायऱ्यांवर चप्पल काढून उभं राहवेना. आत चारही कूलर घरघरत होते, वाळ्याचा वास भरला होता, सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. तिसरा उद्गार महिला मंडळाच्या नव्या अध्यक्षीणबाईंनी केला, आईवर, आणि छान केला. मग गीत झालं आणि मी उपदेशपीठावर चढले. ते खाली बाजूच्या खुर्चीत बसले होते, मी एरवी बसते तसे, वर बघत.

मी ठरवलं होतं की आधी स्तोत्राची सुरुवात मुळातून म्हणायची. कसलंही 'मूळ हिब्रूत' न म्हणता. लोकांनी आधी नुसती ती तक्रार कानाने ऐकावी, तिचा खरखरीतपणा ऐकावा, मग मी अर्थ सांगीन. मी डोळे मिटले आणि म्हणायला लागले.

दुसऱ्या ओळीला बाक सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर सगळी मंडळी उभी. माना खाली, हात जोडलेले, बायांच्या डोक्यावर पदर. त्यांना हिब्रू म्हणजे आशीर्वाद. पाळकीणबाई आशीर्वाद देऊन राहिल्या, काहीतरी कार्यक्रम बदललेला दिसतो, असं समजून सगळे उठले होते. पेटीवाल्यांनी शेवटच्या गीताची पट्टी धरून ठेवली होती. टाकून दिलेल्या माणसाचा आक्रोश मी म्हणत होते आणि लोक तो आशीर्वाद म्हणून घेत होते.

मी थांबले. म्हणाले, "बसा." मागचे काही जण अर्धवट वाकले, त्यांनी पाळकांकडे बघितलं, आणि पुन्हा सरळ झाले. कारण पाळकही उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एक हात खाली केला असता की झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि हात केला नाही.

रागाने माझे कान तापले. सेक्रेटरींचा हात घंटीवर होता, वेळ चालला होता, आणि माझं सगळं टिपण बसलेल्या माणसांसाठी होतं. मी ते मिटून ठेवलं.

म्हटलं, "तुम्ही ज्याला उभे राहिलात तो आशीर्वाद नाही. ती एका माणसाची तक्रार आहे. देवाने मला टाकलं, अशी. तुमच्या-माझ्या घरात कोणी अशी तक्रार केली तर आपण उठून उभे राहत नाही. आपण म्हणतो, असं बोलू नये, पुढे चांगलं होईल. तुम्ही आज चुकून उभे राहिलात. आता राहिलाच आहात, तर तसेच राहा. मीही राहते."

मग बोलले ते उभ्या माणसांशी. कमी बोलले. स्तोत्र शेवटी स्तुतीवर येतं हे मला माहीत होतं, पण मी तिथपर्यंत गेले नाही. वधस्तंभावरही फक्त पहिली ओळ म्हटली गेली होती. कूलरच्या घरघरीत माझा वर्गातला आवाज कितपत पोहोचला देव जाणे. पण कोणी खोकलं नाही, कोणी बसलं नाही. सेक्रेटरींनी घंटी वाजवायच्या ऐवजी नुसती उचलून दाखवली.

उपासना सुटल्यावर दारात मी नवऱ्याच्या शेजारी उभी राहिले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पुढच्या टाइमाले आधीच सांगत जा, उभं राहाचं का बसाचं." मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "गुडघे गेले वं बाई माहे." पण हात बराच वेळ सोडला नाही, आणि बदाम-दुधाचं काही काढलं नाही.

घरी उपवास सोडायला खिचडी केली. दोघंही जेवत होतो. मी भांडण तयार करूनच बसले होते. म्हटलं, "तुम्हाला हात करता आला असता."

"हो."

"मग केला काहून नाही?" रागात मीसुद्धा त्यांच्यासारखंच बोलते.

त्यांनी घास तसाच ठेवला. "तू हिब्रू म्हणून राहिली होती आन् लोकं उठले. मी पाहून राहिलो होतो. मी म्हणतो तवा सवयीनं उठतेत. तुह्या वेळी मले वाटलं, हे आता खरोखरचे उठले. मले हेवा वाटला. म्हटलं, नाही करत हात. पाहू काय करते."

"आणि?"

"आन् काय? तू तं त्याहिले तसंच उभं ठेवलं. मले नसतं जमलं." मग म्हणाले, "लय जळलो वं मी. पोटात दुखते इतका."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. माठापाशी उभी राहून मी हसले. परत येऊन म्हटलं, "मला दर रविवारी असं होतं."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. पहिल्या बाकावर."

त्यांनी विचारलं, "सांगितलं काहून नाही कधी?"

"बोलायच्या जागेवर तुम्ही होता," मी म्हटलं.

ईस्टरला उपदेश त्यांचाच होता. शनिवारी मी त्यांना स्तोत्र समजावून सांगितलं, पहिल्यासारखंच, आणि त्यांनी भाजी खुडली. रविवारी ते चढले, आणि आवाज तोच, पोटातून आलेला, सगळं चर्च भरून टाकणारा. "मूळ हिब्रूत," ते म्हणाले आणि नेहमीसारखे थांबले. मंडळीने श्वास रोखला. माझ्या पोटात तीच जुनी आग पेटली. मग त्यांनी खाली माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना ती दिसली.

ते जरा जास्तच वेळ थांबले. मग माझंच वाक्य पुढे सांगायला लागले.